केरोसीनचा डबा आणि ८ भागांची नदी: शिएन शिंगहाय यांची कारागिरी

मार्च १९३९ मध्ये येनानला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, चिनी संगीतकार शिएन शिंगहाय यांच्या हाताशी काय काय होतं, तिथून सुरुवात केली तर या संगीतकाराचं मोठेपण लवकर कळतं. थोडी व्हायोलिनं, काही अर्हू (दोन तारांचं, गजानं वाजवायचं चिनी वाद्य), बांबूच्या बासऱ्या, सानशिएन नावाचं तीन तारांचं छेडायचं वाद्य, माउथ ऑर्गन आणि ढोल. खालचे सूर धरायला चेलो नव्हता, म्हणून केरोसीनच्या रिकाम्या डब्याला दांडा आणि तारा बसवून मोठ्ठी अर्हू तयार केली होती. तालवाद्य कमी पडलं तिथं एनॅमलच्या मगात चमचे घालून ते खुळखुळवले. पियानो नव्हताच. गाणारे बहुतेक विद्यार्थी आणि नाटकमंडळीतली पोरं. आवाजाचं शिक्षण कुणाचं फारसं झालेलं नाही.

एवढ्या सामग्रीसाठी त्यांनी २६ ते ३१ मार्च या ६ दिवसांत ‘ह्वांग हो समूहगान’ लिहिलं. ह्वांग हो म्हणजे चीनची पीत नदी. चीनमध्ये ते आजही मोठ्या वाद्यवृंदासह गायलं जातं. देशभक्तीचं संगीत म्हटलं की घोषणेला चाल लावली, असा आपला समज असतो. ही रचना उलगडून पाहिली तर तिच्या प्रत्येक भागामागे एक ठरवून घेतलेला कारागिरीचा निर्णय दिसतो.

एक गल्लत आधी दूर करू. चीनचं राष्ट्रगीत शिएन यांचं नाही. ते न्ये अर् यांचं. युन्नानमधल्या कुनमिंगचा हा तरुण १९१२ चा, आणि १९३५ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, जपानच्या किनाऱ्यावर पोहताना बुडून गेला. त्यानं कवी त्येन हान यांच्या शब्दांना चित्रपटासाठी दिलेली चाल पुढे राष्ट्रगीत झाली. न्ये अर् गेला त्याच वर्षी शिएन पॅरिसहून परतले. दोघांची नावं जोडीनं घेतली जातात, पण न्ये अर् मुख्यतः छोट्या, नेमक्या गाण्यांचा माणूस. ४० मिनिटांचा पट उभा करणं हे शिएन यांचं काम.

शिएन यांचा जन्म १३ जून १९०५ चा, मकावमधला, होडीवर राहणाऱ्या कुटुंबातला. घराण्याचं मूळ ग्वांगचौजवळच्या पान्यूचं. वडील खलाशी होते. मुलगा जन्मण्याआधीच वारले. आई ह्वांग सूयिंग यांनी मोलमजुरी करून त्याला वाढवलं आणि लहानपणीच सिंगापूरला नेलं. शाळा तिथं, पुढचं शिक्षण ग्वांगचौच्या लिंगनान या शिक्षणसंस्थेत. तिथं तो क्लॅरिनेट वाजवायला लागला आणि त्या भागात त्याचं नावही झालं. मग पेकिंग, मग शांघायची राष्ट्रीय संगीत संस्था. तिथं १९२९ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर शिक्षण तुटलं आणि त्यानं पॅरिस गाठलं.

पॅरिसची वर्षं हलाखीची होती. हॉटेलात वाढप्याचं काम आणि मिळेल ती किरकोळ नोकरी करत त्यांनी ओबरडोर्फर यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले, स्कोला कान्तोरममध्ये वँसाँ दँदी यांच्याकडे शिक्षण घेतलं आणि शेवटी पॉल द्यूका यांच्याकडे रचनाशास्त्र. पोटमाळ्यावरच्या थंड खोलीत वाऱ्याचा आवाज ऐकत त्यांनी सोप्रानो (स्त्रीचा उंच आवाज), क्लॅरिनेट आणि पियानोसाठी ‘वारा’ नावाची रचना लिहिली. तिच्यासाठी बक्षीस म्हणून काय हवं असं विचारल्यावर आपण जेवणाची कुपनं मागितली, असं त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. या शिक्षणातून त्यांना दोन गोष्टी पक्क्या मिळाल्या. एक, अनेक आवाज एकमेकांवर रचण्याची विद्या, जिला काउंटरपॉइंट म्हणतात. दुसरी, कोणतं वाद्य कुठे वजन धरतं आणि कुठे मागे राहावं, याची जाण. येनानच्या डबा-अर्हूच्या मागे उभी होती ती हीच विद्या.

१९३५ ते १९३८ या काळात शांघाय आणि मग वूहानमध्ये त्यांनी रेकॉर्ड कंपनीसाठी, चित्रपटांसाठी आणि मुख्य म्हणजे रस्त्यावरच्या गाणाऱ्यांसाठी लिहिलं. हजारो माणसांनी एकत्र म्हणायचं गाणं लिहिणं दिसतं तितकं सोपं नाही. सुरांचा पल्ला साधारण सप्तक-सव्वा सप्तकातच ठेवावा लागतो, नाहीतर वरच्या सुरावर निम्मा जमाव गप्प होतो. ओळ एका श्वासात संपायला हवी. बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एकच सूर द्यावा, कारण हरकती घेतल्या की गर्दी विस्कटते. ओळीची सुरुवात ठाम ठोक्यावर हवी, म्हणजे सगळे एकाच वेळी शिरतात. शिवाय चिनी भाषेत उच्चाराचा चढउतार बदलला की अर्थ बदलतो. चाल वर जाते आणि शब्दाचा स्वर मात्र खाली उतरणारा असतो, तेव्हा ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येऊ शकतो. म्हणून चांगला चिनी गीतकार-संगीतकार आधी ओळ नीट बोलून पाहतो आणि त्या बोलण्याच्या वळणातून चाल काढतो. १९३८ मधलं ‘ताइहांग डोंगरावर’ ऐकलं की हे सगळे नियम जागच्या जागी दिसतात, आणि तरीही ते गाणं साच्यातून काढल्यासारखं वाटत नाही.

आता नदीकडे वळू. १९३१ मध्ये जपाननं मांचुरिया घेतला आणि जुलै १९३७ पासून उघड युद्ध पेटलं. जपानी फौजा शान्शी प्रांतात शिरून ह्वांग होच्या पूर्व काठापर्यंत पोचल्या. येनान नदीच्या पश्चिमेला आहे. म्हणजे ‘नदीचं रक्षण करा’ या ओळीत अलंकार असा काही नव्हता; नदी खरोखरच आघाडीची रेषा होती. त्यात जून १९३८ मध्ये जपानी सैन्य अडवायला खुद्द चीनच्या राष्ट्रवादी सरकारनंच हनानमध्ये ह्वायुआनखौजवळ नदीचा बांध फोडला होता. लाखो लोक बेघर झाले, नदीनं पात्र बदललं. १९३९ च्या श्रोत्याला ह्वांग हो म्हणताच हे सगळं एकदम आठवत होतं, म्हणूनच ही एक नदी ४० मिनिटांच्या रचनेचा विषय म्हणून पुरली.

नोव्हेंबर १९३८ मध्ये कवी ग्वांग वेईरान आपल्या नाटकमंडळीसह हुखौ धबधब्याच्या परिसरात होडीनं नदी ओलांडून पूर्वेला गेले. लाटांशी झुंजणारे नावाडी आणि त्यांच्या हाका त्यांच्या मनात घर करून राहिल्या. पुढे घोड्यावरून पडून त्यांचा डावा हात दुखावला आणि उपचारासाठी त्यांना येनानला आणलं गेलं. तिथं खाटेवर पडून त्यांनी ४०० हून अधिक ओळींचं काव्य ५ दिवसांत सांगून लिहून घेतलं. सोबत्यांसमोर ते म्हणून दाखवलं तेव्हा शिएन तिथं होते, आणि चाल मी लावणार हे त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं.

६ दिवसांचा चमत्कार असं याचं वर्णन होतं. ते मला अपुरं वाटतं. शिएन यांनी नदी ओलांडणाऱ्यांकडून नावाड्यांच्या हाकांचे तपशील आधीच विचारून घेतले होते. लोकगीतं जमवण्याचं काम कितीतरी आधीपासून चालू होतं. मांडणी कवीनंच भागाभागांत करून दिलेली. म्हणजे ६ दिवस लागले ते लिहून काढायला. विचार आधी शिजला होता. त्या दिवसांत तब्येत बरी नव्हती. पत्नी छ्येन युनलिंग सोयाबीन भाजून त्याची कॉफीसारखी पूड करून देत, आणि कवीनं आणून दिलेली २ जिन, म्हणजे किलोभर, साखर शिएन लिहिता लिहिता चिमटीनं तोंडात टाकत, असं त्यांचे सोबती सांगत.

ही रचना त्यांनी लिहिली ती आकड्यांच्या स्वरलिपीत. जियानपू तिचं नाव. १ ते ७ हे आकडे म्हणजे सा ते नी. आकड्यावर टिंब दिलं की वरचं सप्तक, खाली टिंब दिलं की खालचं. भातखंडे लिपी वाचता येणाऱ्याला हा भाग लगेच ओळखीचा वाटेल. आकड्याखाली रेघ ओढली की मात्रा अर्धी, पुढे आडवी रेघ दिली की सूर आणखी एक मात्रा लांबतो, शून्य म्हणजे विराम. सुरुवातीला ‘१ बरोबर अमुक’ असं लिहिलं की सा कुठे धरायचा ते कळतं. फायदा उघड आहे. कागद कमी लागतो, मेणकागदावर लेखणीनं कोरून प्रती काढता येतात, आणि पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी न येणारा शेतकऱ्याचा मुलगाही काही दिवसांत वाचायला शिकतो. अडचण येते ती आठ-दहा वाद्यांचे सूर एकाखाली एक वाचताना आणि सा मध्येच बदलताना. आकड्यांत चालीचा चढउतार डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच १९४१ मध्ये मॉस्कोत मोठ्या वाद्यवृंदासाठी शिएन यांनी हीच रचना पुन्हा नव्यानं मांडली.

आता आतली बांधणी. गायक, वृंद आणि वाद्यं मिळून एक विषय अनेक भागांत मांडतात त्या प्रकाराला कॅन्टाटा म्हणतात. इथं ८ भाग आहेत आणि त्यांना जोडणारं निवेदन आहे. निवेदक पुढचा प्रसंग उभा करतो आणि मग गाणं सुरू होतं. नवख्या श्रोत्यासाठी ही सोय फार महत्त्वाची.

पहिला भाग नावाड्यांचा. एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी त्यावर जोर लावायचा, ही कामाच्या गाण्याची जुनी रीत. सुरावट मुद्दाम तोकडी ठेवलीय, कारण वल्ह्याच्या प्रत्येक झटक्यागणिक श्वास तुटतो. मध्येच पलीकडचा काठ दिसतो, लय एकदम सैल होते, सूर लांबतात, हायसं वाटतं. मग पुन्हा झुंज. वृंद इथं हमखास चुकतो तो सुरुवातीलाच लय चढवून. तसं झालं की पुढे वाढायला जागा उरत नाही आणि हाकांतली अक्षरं एकमेकांत मिसळतात. आणखी एक चूक म्हणजे गळ्यातून ओरडणं. हाक पोटातून काढली नाही तर पुढच्या संथ भागात आवाज फाटलेला लागतो.

दुसऱ्या भागात एकटा बॅरिटोन, म्हणजे मध्यम पट्टीचा पुरुष गायक, डोंगरमाथ्यावरून नदीला वंदन करतो. तिसरा भाग गायचाच नाही. सानशिएनच्या साथीवर काव्य म्हणायचं. शब्दाचं वजन आणि तारेचा छेद जुळवणारा माणूस मिळणं अवघड, त्यामुळे बऱ्याच कार्यक्रमांत हा भाग वगळला जातो. माझ्या मते हे नुकसान आहे. पहिल्या दोन भागांच्या भरगच्च आवाजानंतर कानाला तिथं मोकळी जागा मिळते.

चौथा भाग, ‘पिवळ्या पाण्याचं गाणं’, स्त्री-आवाजांचा. याची सुरावट प्रामुख्यानं पाच सुरांत फिरते: सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. आधी काठावरचं सुखाचं जगणं येतं. मग शत्रू येतो, चाल काळवंडते. शेवटी पहिलीच चाल परत येते, पण आता गावं ओस पडलेली आहेत. चाल तीच आणि शब्द उद्ध्वस्त, यातच सगळी वेदना आहे. म्हणून शेवटच्या वेळी गायकांनी मुद्दाम रडवेला आवाज लावू नये. साधं, थोडं सावकाश गायलं तरच ते लागतं.

पाचवा भाग मला सगळ्यात चतुर वाटतो. नदीकाठी दोन माणसं भेटतात. एक शान्शीचा शेतकरी, ज्वारी आणि राळ्यासारखी धान्यं पिकवणारा. दुसरा ईशान्येकडचा व्यापारी. त्याला ८ वर्षं घरची खबर नाही. १९३१ आणि १९३९ यांमधलं अंतर नेमकं तेवढंच. चाल शान्शीच्या लोकगीताच्या वळणाची, सवाल-जवाबाची. आधी दोघं आळीपाळीनं गातात. मग दोघंही एकाच वेळी गातात, चाल वेगवेगळी आणि तरी जुळणारी. शेवटी वृंद त्यांना सामील होतो. दोन परके एकत्र येतात ही गोष्ट शब्दांआधी सुरांतच घडते. पॅरिसच्या वर्गात शिकलेला काउंटरपॉइंट इथं लोकगीताच्या कपड्यांत असा बसलाय की तो शिकवलेला आहे हे जाणवतही नाही.

सहावा भाग एका स्त्रीचा विलाप. मूल गेलं, अब्रू गेली, नवरा दूर. ती नदीत जीव द्यायला निघालीय. सोप्रानोला खालच्या, जवळजवळ बोलण्याच्या आवाजापासून वरच्या टोकापर्यंत जावं लागतं. सुरुवातीलाच सगळं ओतलं तर शेवट हाती लागत नाही.

सातवा भाग सगळ्यात प्रसिद्ध: नदीचं रक्षण. हा कॅनन आहे, म्हणजे एका गटानं चाल सुरू करायची आणि काही मात्रांनी दुसऱ्या गटानं तीच चाल पहिल्यापासून धरायची. आधी दोन गट, मग तीन, मग चार. चाली एकमेकींवर चढूनही कानाला टोचत नाहीत, यामागे हिशेब आहे. सुरुवातीच्या छोट्या ओळी सा, ग, प या एकमेकांशी जुळणाऱ्या सुरांवर उभ्या आहेत. पुढची ओळ ग ग प सा सा, आणि लगेच ध ध म रे रे, यातले सा आणि रे वरच्या सप्तकातले. पाच सुरांच्या जगात इथं अचानक मध्यम येतो आणि गाण्याला उसळी मिळते. हार्मोनियमवर वाजवून पाहिलं तर ही उडी लगेच कळेल. एक गट मुख्य चाल गात असताना दुसरा गट ‘लुंग-ग लुंग-ग लुंग’ असे बोल घेतो, नाटकातल्या तंतुवाद्याची नक्कल करणारे. हे बोल हलके ठेवायचे असतात. ते मोठे झाले की मुख्य शब्द बुडतात. कॅननमध्ये लय पळते, कारण प्रत्येक गटाला पुढचा गट आधीच पुढे गेलेला ऐकू येतो आणि तो नकळत धावतो. उपाय एकच. सरावात आधी सगळ्यांनी एकत्र टाळी धरून, एका सुरात, न चुकता म्हणायचं, आणि मगच गट पाडायचे. ज्या गटाची चाल नुकतीच सुरू होतेय त्याला पुढे येऊ द्यायचं, बाकीच्यांनी आवाज दबवायचा. असं केलं तरच लाटेमागून लाट येते; सगळे सारखेच जोरात गायले तर उरतो तो नुसता गोंगाट.

आठव्या भागात सगळे एकत्र. नदीनं गर्जना करावी आणि साऱ्या जगातल्या कष्टकऱ्यांना सावध करावं, अशी हाक. सगळ्यात जड भाग हाच, आणि थकलेल्या गळ्यांनी गायचा.

पहिला प्रयोग १३ एप्रिल १९३९ ला त्या नाटकमंडळीनं येनानमध्ये केला. मग ११ मे रोजी लू शून कला अकादमीच्या वर्धापनदिनी शिएन यांनी स्वतः १०० च्या वर गायकांचं संचालन केलं. समोर माओ होते. ते उठून पुन्हा पुन्हा ‘छान’ म्हणाले, अशी नोंद शिएन यांच्या रोजनिशीत आहे. त्या वसंतात भारतातून गेलेलं वैद्यकीय पथकही येनानमध्येच होतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर त्या पथकासह फेब्रुवारी १९३९ मध्ये तिथं पोचले होते. महाराष्ट्रात आपण कोटणीसांच्या संदर्भात जे येनान वाचलेलं असतं, डोंगर कोरून केलेल्या घरांचं, तुटपुंज्या औषधांचं, तेच या संगीताचं गाव.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. मे १९४० मध्ये एका माहितीपटाच्या संगीतकामासाठी शिएन सोव्हिएत संघाकडे निघाले. सोबत दिग्दर्शक युआन मूची. सुरक्षेसाठी आईचं आडनाव घेऊन ते ‘ह्वांग शुन’ झाले. जून १९४१ मध्ये जर्मनीनं हल्ला केला आणि काम थांबलं. परतीचा रस्ता मिळाला नाही. मंगोलियात अडकून पडल्यावर १९४२ च्या अखेरीस ते कझाकस्तानच्या अल्माटीला पोचले. हाती पैसा नाही, भाषा येत नाही. कझाक संगीतकार बाखितजान बायकादामोव्ह यांनी त्यांना आधार दिला. शिएन यांनी कझाक धून अभ्यासल्या आणि १९१६ च्या उठावातल्या वीरावर ‘अमानगेल्दी’ हे सिम्फनी-काव्य, म्हणजे वाद्यवृंदानं एखादी गोष्ट किंवा कल्पना मांडणारी रचना, लिहिलं. कोस्तानाय या थंड गावी त्यांनी संगीत संस्था उभी करायला हात लावला आणि तिथंच छाती बिघडली. ३० ऑक्टोबर १९४५ रोजी मॉस्कोत ते गेले. वय ४०. जपाननं शरणागती पत्करून जेमतेम अडीच महिने झाले होते. १९३९ मध्ये जन्मलेली मुलगी त्यांना नऊ-दहा महिन्यांची असतानाच शेवटची दिसली होती. त्यांच्या अस्थी चीनमध्ये परतल्या त्या १९८३ मध्ये. आज त्या ग्वांगचौला आहेत. तिथल्या संगीत विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि अल्माटीत त्यांच्या नावाचा रस्ता बायकादामोव्ह यांच्या रस्त्याजवळच आहे.

रचना ऐकायची असेल तर आवृत्त्यांचा गोंधळ लक्षात घ्या. येनानची मूळ मांडणी, मॉस्कोची १९४१ ची, आणि नंतर ली ह्वानजी, छू वेई, यान ल्यांगखुन यांनी सुधारलेल्या मांडण्या अशा वेगवेगळ्या आहेत. ध्वनिमुद्रणात ७ च भाग दिसले तर तिसरा गाळलाय असं समजा. ‘ह्वांग हो पियानो कॉन्चेर्तो’ ही तर वेगळीच रचना, एकट्या पियानोला वाद्यवृंदाची साथ असलेली. ती १९६९ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, यिन छेंगजुंग आणि इतरांच्या गटानं याच चालींवर बांधली. तिचे ४ भाग आहेत आणि शेवटी माओंच्या गौरवाचं गाणं जोडलेलं आहे. अनेकांना फक्त तीच माहीत असते. पियानोचं काम त्यात चमकदार आहे, पण शान्शीचा तो शेतकरी आणि ईशान्येचा व्यापारी तिथं भेटत नाहीत. म्हणून आधी मानवी आवाजांची रचना ऐका, आणि पहिल्यांदा ऐकताना पाचव्या भागापासून सातव्यापर्यंत न थांबता ऐका.